एका बुटाची काळी नाडी

मनोगताची दोन पानं तेवढी राहिली होती, आणि तीच किनुएकडून लिहून होत नव्हती.

किनुए मिकुरिया छप्पन्न वर्षांची. पंचवीस वर्षं ती तोक्योच्या एका मासिकात दर महिन्याला एक छोटी चित्रकथा काढत आली होती, कधी आठ पानांची, कधी सोळा. अंगात ताप असो की दाढ ठणकत असो, वीस तारखेला पानं कचेरीत पोचलेली असायची. लोक हसत हसत वाचायला लागायचे आणि शेवटच्या चौकटीशी येऊन नाक ओढायचे, अशा त्या कथा. विसरलेल्या छत्र्यांची लग्नं लावणारा स्टेशनमास्तर, स्वतःची सावली धुवायला टाकणारा शाळामास्तर, मुळ्याच्या वाफ्यात चंद्र उगवला म्हणून शेजाऱ्याशी भांडणारी म्हातारी. त्यातल्या बारा निवडून आता पुस्तक निघणार होतं. इतक्या वर्षांतलं पहिलंच.

संपादक ओगिवारा एक दिवसाआड फोन करायचा.

"बाई, कथा तयार, मुखपृष्ठ तयार. छापखाना तुमच्यासाठी खोळंबलाय. पहिली कथा कशी सुचली तेवढं लिहा. दोनच पानं."

"बसलेय लिहायला."

"तीन आठवडे बसलाय! ढगांना इस्त्री करता येते तुम्हाला, आणि दोन पानं लिहिता येत नाहीत?"

किनुए हसली, कारण न हसणं विचित्र दिसलं असतं. फोन ठेवल्यावर तिने टाक शाईत बुडवला आणि कागदावर पुन्हा तेच काढलं, जे ती तीन आठवडे काढत होती. पुरुषी बूट, पुढच्या टोकावर बारीक भोकांची नक्षी. एका बुटाची नाडी फिकट, दुसऱ्याची काळी.

संग्रहातली पहिली कथा होती 'ढगांना इस्त्री करणारी बाई'. समुद्राकाठच्या गावात लॉंड्री चालवणारी एक बाई. तिचा नवरा घर सोडून गेलेला. एके दिवशी धुतलेल्या चादरींबरोबर चुकून एक ढग आत येतो. बाई त्याला इस्त्री करून, घडी घालून, पुन्हा सोडून देते. दुसऱ्या दिवशी दारात चुरगळलेल्या ढगांची रांग लागते. बाई कुणाकडून काही घेत नाही. एवढंच म्हणते, वरून जाता जाता माझा माणूस कुठे दिसतोय का बघा. शेवटी एक फाटकातुटका म्हातारा ढग येतो. बाई त्याची सुरकुती उलगडते, तर दारात नवरा उभा, नखशिखांत भिजलेला. म्हणतो, "चहा आहे का?" शेवटच्या चौकटीत उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेले त्याचे बूट.

त्या कथेवर शंभरच्या वर पत्रं आली होती. किनुएने पहिली चार वाचली आणि बाकीची खोक्यात घालून माळ्यावर टाकली. लोकांना वाटलं, बाईंना प्रसिद्धीचा सोस नाही.

खरं कारण वेगळं होतं. हिमी गावात मिकुरिया लॉंड्री खरोखर होती, आणि ती किनुएची थोरली बहीण फुसाए चालवत होती. वडिलांना मुलगा नव्हता. दोघींतल्या एकीने घरजावई करून दुकान सांभाळायचं हे ठरलेलंच होतं. "तू जा तोक्योला, काढ तुझी चित्रं. मी आहे," असं फुसाए म्हणाली आणि शिगेहारू नावाच्या, कमी बोलणाऱ्या, कान पुढे आलेल्या माणसाशी लग्न केलं. तो महिन्यातून एकदा मशीनचे भाग आणायला तोक्योला जायचा. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मार्चमधल्या एका रविवारी असाच गेला, आणि आला नाही.

त्या वर्षी ऑगस्टात किनुए गावी गेली, तेव्हा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ताई एक निळ्या रेघांचा शर्ट खुंटीवरून काढायची, पाणी शिंपडून इस्त्री करायची, पुन्हा टांगायची. कालचाच शर्ट. किनुएने काही विचारलं नाही. मनात मात्र टिपून घेतलं. चित्र काढणाऱ्या माणसाला ती खोडच असते, तिथपर्यंत तिने स्वतःला माफ केलं असतं.

पुढची गोष्ट माफ करता येण्यासारखी नव्हती.

शिगेहारू गेल्याला अडीच वर्षं झाली होती. सप्टेंबरातल्या एका दुपारी किनुए तोक्योतल्या आकाबाने स्टेशनबाहेरच्या बाकावर वही घेऊन बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट काढायची तिला सवय होती. चेहरे काढले तर लोक रागावतात, बुटांना कुणी हरकत घेत नाही. समोरच्या बाकाखाली तिला ते बूट दिसले. एक नाडी तपकिरी, एक काळी. तिला गंमत वाटली. तिने ते निवांतपणे, टाकेसुद्धा मोजून काढले, आणि मग मान वर केली. समोर भावोजी बसले होते.

तेवढ्यात एक बाई कागदात गुंडाळलेले गरम बटाट्याचे वडे घेऊन आली. तिच्याबरोबर चार वर्षांची एक मुलगी होती. मुलगी धावत येऊन त्यांच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "बाबा, गाडीत मी खिडकीशी बसणार हं."

शिगेहारूने किनुएला पाहिलं. त्याने मुलीला हळूच खाली ठेवलं, उठून उभा राहिला आणि खाली वाकला. कर्ज मागायला आलेला माणूस वाकतो तसा, कंबरेतून, बराच वेळ. समोरचा वाकला की आपली कंबर आपल्याला न विचारताच वाकते. किनुए उठली आणि तीही वाकली. मान वर केली तोवर ते तिघं जिन्यावरून स्टेशनात शिरले होते.

घरी येऊन तिच्या ध्यानात आलं की आपण नुसतं वाकलो नाही, गप्प राहायला कबूल झालो.

तरी ती सांगणार होती. संध्याकाळीच फोन करू, असं ठरवलं. मग म्हणाली, अशी गोष्ट फोनवर नको, नववर्षाला गावी जाऊ तेव्हा सांगू. मध्ये वीस तारीख आली. डोक्यात दुसरं काहीच येत नव्हतं. वहीत बूट होते, मनात शर्ट होता. तीन दिवसांत कथा उतरली, आणि इतकी चांगली उतरली की तिला एकही रेघ खोडावी लागली नाही. ताईला आपण निदान कागदावर तरी नवरा आणून दिला, असं तिने स्वतःला पटवलं. कथा जानेवारीच्या अंकात आली. नववर्षाला ती गावी गेली नाही, काम आहे म्हणून कळवलं. पुढे ती दर ऑगस्टात जात राहिली, बहिणीच्या हातचं जेवत राहिली, आणि चौदा वर्षांत एकदाही तिच्या तोंडून त्या दुपारचा शब्द निघाला नाही. ताईनेही त्या कथेबद्दल कधी काही म्हटलं नाही.

आणि आता ओगिवाराला हवं होतं, ही कथा कशी सुचली ते दोन पानांत.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी किनुएने लाल चवळीच्या गोड वड्यांचा डबा घेतला आणि गाडीत बसली.

दुपारी ती हिमीला पोचली तेव्हा बर्फ थांबला होता, पण रस्त्याच्या कडेला कंबरभर साठला होता. लॉंड्रीच्या काचा वाफेने धुरकटलेल्या. आत सासष्ट वर्षांची फुसाए बाह्या वर करून इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती.

"ऑगस्ट आला का इतक्यात?" मान वर न करताच ती म्हणाली.

"सहज आले, ताई."

"सहज कुणी बर्फात येत नाही. बूट झटकून ये आत. जेवलीस?"

"गाडीत खाल्लं."

"गाडीतलं खाणं म्हणजे काय जेवण! आत मुळा घालून शिजवलेला मासा आहे. नको? मग बस. एवढी दोन गाठोडी संपवते."

किनुए भिंतीशी कपड्यांच्या पोत्यावर बसली. खुंटीवर तो शर्ट नव्हता. गेली काही वर्षं नव्हताच. हेही तिने कधी विचारलं नव्हतं.

"ताई, माझं पुस्तक येतंय."

"कळलं. मासिकात जाहिरात होती. मुखपृष्ठावर इस्त्री आहे म्हणे."

"हो. त्या कथेबद्दलच तुझ्याशी..."

एवढ्यात दार सरकलं आणि थंडीबरोबर एक गोलमटोल बाई आत आली. "बाई बाई बाई, नाक गळून पडेल आज! फुसाएताई, आमच्या ह्यांचे शर्ट झाले?" मग तिची नजर पोत्याकडे गेली. "अय्या! चित्रकार बहीण का? मी कुबोदेराची बायको, बर्फाच्या कारखान्यातल्या. आमच्याकडे तुमचा तो अंक अजून आहे हो. हे कुणाला हात लावू देत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं, पुरुषमाणूस चित्रांच्या गोष्टी जपून ठेवतो म्हणजे काय! पण वाचली आणि ढसाढसा रडले. काय तो शेवट! चहा आहे का, म्हणतो!"

किनुए उठून वाकली.

"सात शर्ट," फुसाएने पुडकं पुढे केलं. "एकाची गुंडी सैल होती, लावलीय. त्यांना म्हणावं, माशांच्या गाड्यांशी लगट करू नका, वास जात नाही."

"सांगून सांगून थकले! ऐकतील तर शपथ." कुबोदेराबाई हसत हसत गेली.

दार बंद झालं. फुसाएने दुसरं कापड टेबलावर पसरलं, पण इस्त्री उचलली नाही.

"कळलं का, कुणाचे शर्ट होते ते?"

"कुबोदेरांचे."

"त्याने मला विचारलं होतं. बायको वारली होती त्याची, मूलबाळ नव्हतं. तुझी कथा आली त्याच्या आधीच्या शरदात. म्हणाला, मार्चमध्ये तीन वर्षं होतील, मग कायद्याने तू मोकळी होशील, तेव्हा माझ्याकडे ये. मी बर्फ विकतो, पण माणूस थंड नाही." फुसाए किंचित हसली. "मला आवडला होता. नववर्ष झालं की सांगते, म्हटलं. 'हो'च सांगणार होते."

"मग?"

फुसाएने गल्ल्याखालचा खण ओढला. आत गुंड्या, दोऱ्याची रिळं, आणि त्याखाली एक जुना अंक. ती पानं उलटत शेवटच्या चौकटीशी आली आणि तिथे बोट ठेवलं. वाफेने आणि गरम पाण्याने जाडं झालेलं बोट.

"हे बूट त्याने गुरुवारी घेतले आणि रविवारी गेला. पहिल्याच दिवशी एक नाडी तुटली. घरात तपकिरी नव्हती, म्हणून मी बाबांच्या जुन्या बुटाची काळी नाडी ओवून दिली. त्याआधी दीड वर्ष तू इकडे फिरकली नव्हतीस, आणि नंतर आलीस ती ऑगस्टात. तू हे बूट कुठे पाहिलेस, किनु?"

चौदा वर्षं ती हा प्रश्न टाळत आली होती आणि तो चौदा वर्षं या खणात पडून होता.

"तोक्योत," ती म्हणाली.

"कधी?"

"ही कथा काढली त्याच्या आदल्याच महिन्यात."

"हं." फुसाए पोत्यावर तिच्या शेजारी येऊन बसली. "मी इथेच बसून वाचली. बूट पाहिले आणि म्हटलं, किनुला भेटला! जिवंत आहे! आणि अडीच वर्षं झाली तरी नाडी बदललेली नाही. तपकिरी नाडी कुठल्याही दुकानात मिळते. माणूस ती घेत नाही म्हणजे काय? म्हणजे त्याला घराची आठवण आहे, परत यायचंय त्याला. त्याने किनुला शपथ घातली असणार, म्हणून ती उघड बोलत नाही. चित्रातून कळवतेय मला. किती शहाणी माझी बहीण, म्हटलं! आणि कुबोदेराला 'नाही' म्हणून सांगितलं."

"ताई..."

"तो दोन वर्षं थांबला. मग शेजारच्या ताकाओका गावची ही बाई केली. चांगली आहे. बडबडी आहे, पण चांगली आहे. आता त्याच्या शर्टांना मी इस्त्री करते."

बाहेर छपरावरून बर्फाचा एक थर घसरून धप्पकन पडला. दोघी दचकल्या.

"मला विचारायचंस तरी," किनुए रडवेल्या आवाजात म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची लाज वाटली.

"हो का? चूक माझी?" फुसाए ताडकन उठली. "तू दर ऑगस्टला यायचीस, दोन वाट्या भात जास्त खायचीस, आणि मी विचारायचं?" ती टेबलाशी गेली, इस्त्री उचलली, पुन्हा ठेवली. जरा वेळाने खालच्या आवाजात म्हणाली, "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तेच नको होतं. तोंडाने सांगितलंस तर गोष्ट संपली असती." मग म्हणाली, "आता विचारते. एकटा होता?"

किनुएला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. एकटाच होता, वाळला होता, तुझी चौकशी करत होता, असं म्हणावं. तिला अशी वाक्यं सहज सुचत. पंचवीस वर्षं ती त्यांच्यावरच जगली होती.

"नाही. एक बाई होती. आणि मुलगी."

"केवढी?"

"चार वर्षांची असेल."

"नीट आठव. लहान मुलांचं वय तुला कळत नाही. तुला कुठे मूल आहे!"

"चार, ताई. पूर्ण वाक्य बोलत होती. 'बाबा, गाडीत मी खिडकीशी बसणार,' असं."

फुसाएने टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली आणि एकेक उचलून मोजलं. तिचे ओठ हलत होते. मग ती थांबली.

"म्हणजे जाताना ती दीड वर्षाची होती," ती म्हणाली. "म्हणजे मशीनचे भाग आणायला जायचा तेव्हापासून. मी त्याला डबा बांधून द्यायचे. प्रवासात हात चिकट होतात म्हणून ओला फडकाही द्यायचे." तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "दरवेळी देत होते."

किनुए पोत्यावरून उतरून जमिनीवर बसली आणि कपाळ फरशीला टेकवलं. "माफ कर, ताई."

"ऊठ. तिथे साबणाचं पाणी सांडलंय," फुसाए म्हणाली, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि दार सरकवून बाहेर गेली.

दुकानासमोरचा बर्फ सकाळीच काढून झालेला होता. फुसाएने रस्त्याच्या कडेचा ढीग उपसायला घेतला, जो उपसायची काही गरज नव्हती. ती फावडं खुपसत होती, भरत होती, पलीकडे फेकत होती, आणि प्रत्येक खेपेला तिच्या तोंडून वाफेबरोबर एक हुंकार निघत होता. किनुए दुसरं फावडं घेऊन बाहेर आली आणि शेजारी उभी राहून उपसायला लागली. टाक धरणारे हात. दहा मिनिटांत तळव्याला फोड आला. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. रस्त्यावरून मासळीबाजारातली एक ओळखीची म्हातारी गेली, म्हणाली, "तोक्योच्या पाहुण्याला कामाला लावलंस वाटतं!" त्यावर दोघींनी सवयीने मान लववून हसून दाखवलं.

बऱ्याच वेळाने किनुए म्हणाली, "मी ती कथा पुस्तकातून काढून टाकते. मुखपृष्ठ बदलायला लावते. सगळं थांबवते हवं तर."

"नको." फुसाए फावड्यावर रेलून दम खात होती. "काढून टाकलीस की तुला हलकं वाटेल. मला काय मिळेल?"

"मग शेवटचं पान पुन्हा काढू? बूट नसलेलं?"

"किनु, कथा चांगली आहे. तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मी चुलीत घातली असती." तिने कपाळाचा घाम पुसला. "राहू दे तशीच. पण ते मागे काय लिहितात..."

"मनोगत."

"त्यात खरं लिही. बूट कुठे पाहिलेस, त्याच्या मांडीवर कोण होतं, आणि मला का नाही सांगितलंस. माझं नाव घालू नकोस, गावाचं घालू नकोस. स्वतःचं घाल. तुला ठाऊक होतं, असं लिही."

"लिहिते."

"आणि आज राहू नकोस. पावणेचारची गाडी आहे, तिने जा." फुसाएचा आवाज पहिल्यांदा फाटला. "पुढे कधी राहा. आज मला तुझं तोंड बघवत नाही."

किनुएने दारातूनच हात घालून पिशवी उचलली. वड्यांचा डबा आत गल्ल्यावर राहिला होता. तो परत घ्यावा की राहू द्यावा तिला कळेना. शेवटी राहू दिला.

गाडीत तिने मनोगत लिहिलं. दोन पानं नाही, साडेतीन झाली. तिच्या कथांत असायची तशी एकही गोड ओळ त्यात नव्हती. 'मी वाकले' या वाक्यापाशी ती फार वेळ अडली. पुढे 'नाइलाजाने' असं लिहिलं, आणि खोडलं.

ओगिवाराने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आला. तो कधी घरी येत नसे.

"बाई, हे छापलं तर कथा मोडते. लोक तो शेवट उशाशी घेऊन झोपतात."

"माझी बहीणही झोपत होती."

"मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. वाचक म्हणतील, ही बाई दुष्ट आहे."

"म्हणू दे. पहिली कथा तीच आणि शेवटी हे. नाहीतर पुस्तक नको."

ओगिवाराने चहा न पिताच पानं पिशवीत घातली. दारात बूट घालताना तो थबकला. त्याने आपल्या नाड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गेला.

पुस्तक मे महिन्यात आलं. ओगिवारा म्हणाला होता तसंच झालं. काही जणांनी लिहिलं, हे मनोगत वाचून फसवल्यासारखं वाटलं. एका वाचकाने पुस्तक परत पाठवलं, आत चिठ्ठी: 'आता ही कथा मला पुन्हा पूर्वीसारखी वाचता येणार नाही.' या वेळी किनुएने एकही पत्र माळ्यावर टाकलं नाही. एकेक उघडलं, वाचलं आणि प्रत्येकाला उत्तर लिहिलं: तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्याने तिला हलकं वाटलं असं नाही. उलट आजवर फक्त तिला ठाऊक असलेली गोष्ट आता दुकानदुकानांतून विकली जात होती, आणि कोपऱ्यावरच्या पुस्तकाच्या दुकानासमोरून जाताना ती पलीकडच्या बाजूने जायची.

एक प्रत तिने हिमीला पाठवली होती. जूनमध्ये फोन आला.

"वाचलं," फुसाए म्हणाली. "एक चूक आहे."

"कुठे?"

"तू लिहिलंयस, 'त्यानंतर काही वर्षं ती वाट पाहत राहिली.' 'काही' नाही. नऊ. एक दिवस शर्ट काढायला गेले तर त्यावर धूळ होती, म्हणजे महिनाभर मी तो काढलाच नव्हता. त्या दिवशी मोजली. तुझ्या अंकापासून नऊ."

"दुसरी आवृत्ती निघाली तर..."

"निघो न निघो. नऊ आहेत ती," असं म्हणून तिने फोन ठेवला.

लेखिकेच्या वाट्याच्या दहा प्रती घरात होत्या. किनुएने त्या दहाही उघडल्या, 'काही' वर आडवी रेघ मारली आणि वर काळ्या शाईने 'नऊ' लिहिलं. मग शाई वाळेपर्यंत त्या जमिनीवर उघड्या ठेवून ती मध्ये बसून राहिली.

ऑगस्टात पितरांच्या दिवसांत ती विचारून गावी गेली. फुसाए 'ये' एवढंच म्हणाली होती. तिने जेवायला वाढलं, माडीवर अंथरूण घातलं, दुकानात गर्दी झाली तेव्हा पावत्या लिहायला बसवलं. बोलणं झालं ते गिऱ्हाइकांचं, उन्हाचं, कुबोदेराच्या गुडघ्याचं. भावोजींचं नाव निघालं नाही. किनुएला वाटलं, हे आता असंच राहणार. आपण दोघी त्या विषयाला वळसा घालून म्हाताऱ्या होणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी आईवडिलांच्या थडग्याशी गेल्या. किनुए बादलीतून पाणी ओतत होती, फुसाए कुंचा घेऊन दगडावरचं शेवाळ घासत होती. टेकडीखाली समुद्र चकचकत होता आणि सिकाडा किड्यांनी कान किटवले होते. फुसाएने न वळता विचारलं,

"ती मुलगी दिसायला कशी होती?"

किनुएचा हात थांबला. आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. कुणालाही पटलं असतं.

"त्यांच्यासारखी," ती म्हणाली. "कान तसेच, पुढे आलेले. हसरी होती. वडा खाताना आधी कुरकुरीत कडा खात होती."

फुसाए घासत राहिली.

"आणि बाई?"

"साधी होती, ताई. तुझ्याएवढीच उंच. हातात तिकिटं घट्ट धरली होती. घाबरट वाटली मला."

"हं," फुसाए म्हणाली, आणि पाणी ओतण्यासाठी बाजूला सरकली. "आता विसाव्याला लागली असेल मुलगी. वर ओत, वरून. बाबांच्या नावात माती राहिलीय."